निसर्गशोध : ओहोटीच्या वेळी घ्यावयाचा एक पाठ
(इयत्ता ६ वी व ७ वी)

परिसराचा अभ्यास केवळ पुस्तकातून शिकविला तर तो मुलांच्या अंगी मुरत नाही, असा बहुतेक शिक्षकांचा अनुभव आहे. वरच्या वर्गांकरिता यावर निसर्गशोधाचा खेळ हा चांगला उपाय होय. मुलांच्या हाती एक यादी द्यावयाची आणि ठरावीक वेळात त्यांनी त्यातील गोष्टी शोधावयाच्या, असे त्याचे स्वरूप आहे. खेळ सोपा असला तरी त्याची आखणी विचारपूर्वक केली पाहिजे. दापोली तालुक्यातील मुरूड, कर्दे, आंजर्ले यांसारखे किनारे डोळ्यांपुढे ठेवून ती येथे दिली आहे.

प्रस्तुत लेखकाने प्रथम हा खेळ घेतला, तेव्हा यादीत 'दहा निरनिराळे शंख आणा' असे लिहिले होते. मुलांनी उत्साहाने पिशव्या भरून आणल्या. दुसऱ्या दिवशी वर्ग उघडला तो दुर्गंधी सुटली होती. कोळीवाड्यातील एक मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, ते शंख रिकामे नव्हते." मऊ पोटाचे खेकडे मेलेल्या गोगलगाईंच्या शंखांत राहतात, हे त्याला ठाऊक होते, शिक्षकाने मात्र त्याला आधी विचारले नव्हते. चूक मुलांची नव्हती, यादीची होती. जशी यादी, तशी मुलांची दृष्टी घडते. म्हणून पहिला नियम असा : शोधावे, पाहावे, लिहावे, तोडू नये आणि उचलून आणू नये.

पूर्वतयारी
वेळ ठरविण्याचे काम मुलांकडेच द्यावे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणून पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. गणिताचा हा पाठ मुले विसरत नाहीत. तरीही गावातील जाणत्या मच्छीमारास विचारून वेळेची खात्री करून घ्यावी. शिक्षकाने आदल्या दिवशी किनारा स्वतः चालून पाहावा. पाच-सहा मुलांचा एक गट करावा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस द्यावे आणि हद्द दोन ठळक खुणांनी आखावी. पाण्यात कोणीही उतरू नये. साडेआठला आरंभ करून साडेनऊला सर्वांनी वर यावे.

यादीचा नमुना
१. समुद्राने शेवटची रेषा कोठे ओढली आहे? तेथे त्याने काय काय टाकले आहे?
२. वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी शोधा. ती कोणी केली?
३. चालणारा शंख शोधा. तो आपल्या चाहुलीने काय करतो?
४. खडकाला घट्ट चिकटलेला जीव शोधा. पाणी नसताना तो कसा राहतो?
५. सुरूच्या झाडाखालची व उघड्या जागेवरची जमीन यांत कोणता फरक दिसतो?
६. समुद्र पचवू शकणार नाही अशी वस्तू शोधा. एवढीच उचलून आणा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच सांगू नये. मुलांना स्तब्ध बसवावे. थोड्या वेळाने बिळातून इवले खेकडे बाहेर येतात, वाळूतील अन्नकण खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. पुढील भरती ती सर्व नक्षी पुसून टाकते. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. तेथे कासवांच्या घरट्यांभोवतीचे कुंपण दिसल्यास मुलांनी दुरूनच पाहावे. या कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही सांगावे.

गुणदान
प्रथम परतणाऱ्या गटास बक्षीस देऊ नये. तसे केल्यास मुले धावतात, पाहत नाहीत. ज्या गटाने सर्वांत चांगला प्रश्न विचारला, त्याची प्रशंसा करावी. गटात मच्छीमारांची, गुराख्यांची आणि बागाईतदारांची मुले मिसळावीत. पुस्तकात मागे पडणारे मूल अशा वेळी पुष्कळदा गटाचा वाटाड्या होते, आणि वर्गातील त्याचे स्थान बदलते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले कार्य १९५७ साली कोसबाडला नेले. तेथील कुरणशाळा गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत कुरणातच जाऊन पोहोचली. मूल जेथे आहे तेथून शिक्षणास आरंभ करावा, हेच तिचे तत्त्व.

शाळेत परतल्यावर प्रत्येक गटाने एक चित्र काढावे आणि उत्तर न मिळालेला एक प्रश्न फळ्यावर लिहावा. त्यांपैकी काहींची उत्तरे शिक्षकासही येणार नाहीत. तसे मोकळेपणाने सांगावे, आणि पुढील ओहोटीस मुलांबरोबर ती शोधावयास जावे.