प्रतिज्ञेची भाषा

आपल्या शाळेचा दिवस त्रिशरण-पंचशीलाने सुरू होतो, परिपाठात राष्ट्रीय प्रतिज्ञा म्हटली जाते आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी बावीस प्रतिज्ञांचे सामूहिक वाचन होते. येथे शिकून गेलेल्यांना हे सारे मुखोद्गत असते. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र जे मुखोद्गत होते, त्याच्या अर्थाकडे दुर्लक्ष होण्याचा धोकाही तेथेच असतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही प्रतिज्ञेच्या भाषेचा थोडा विचार मांडत आहोत.

वचनबद्ध होण्यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत, पण ते समानार्थी नाहीत. 'शपथ' हा शब्द 'शप्' या धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा अर्थ आहे शाप देणे. वचन मोडले तर आपल्यावर किंवा आपल्या माणसांवर अनिष्ट ओढवो, असे शपथ घेणारा सुचवीत असतो. आईची किंवा गळ्याची शपथ घालण्यामागे हीच भीती आहे. 'नवस' हा व्यवहार आहे. देवाने आधी इच्छा पूर्ण करावी, माणसाने नंतर तो फेडावा. 'प्रतिज्ञा' या शब्दात मात्र 'ज्ञा' म्हणजे जाणणे हा धातू आहे. 'प्रज्ञा' या शब्दातही तोच आहे. प्रतिज्ञेचा आधार भय नाही आणि लाभही नाही, तिचा आधार जाणीव आहे.

पंचशीलाची पाली भाषाही हेच सांगते. प्रत्येक शीलाच्या शेवटी 'समादियामि' हे क्रियापद येते. त्याचा अर्थ 'मी स्वीकारतो, अंगीकारतो' असा आहे. 'वेरमणी' म्हणजे विरत राहणे आणि 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याचा नियम. येथे 'तू असे करू नकोस' अशी वरून आलेली आज्ञा नाही. शिकणारा मनुष्य स्वतःच्या मुखाने आपला नियम सांगतो. म्हणूनच शील एकदा घेऊन संपत नाही, ते प्रत्येक वंदनेत पुन्हा घेतले जाते. ज्याच्याकडून चूक झाली, त्यालाही पुन्हा प्रारंभ करण्याचा मार्ग खुला राहतो.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आणि त्यानंतर लाखोंच्या समुदायाला स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. इतिहासाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना या प्रतिज्ञांतील केवळ क्रियापदे अधोरेखित करावयास सांगतो. मग त्यांतील रचना आपोआप उलगडते. प्रारंभीच्या प्रतिज्ञा नकाराच्या आहेत. जुने देव, अवतारकल्पना, श्राद्ध आणि पिंडदान यांचा त्याग त्यांत आहे. चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांविषयीच्या प्रतिज्ञाही निःसंदिग्ध नकाराच्या आहेत, कारण त्या पाळणे हे पूर्णतः आपल्या हाती आहे. सर्व माणसे समान आहेत, ही मात्र वर्तमानकाळातील मान्यता आहे. ती उद्यावर ढकललेली नाही. आणि समता स्थापन करण्याविषयीच्या दहाव्या प्रतिज्ञेत वचन आहे ते प्रयत्नाचे. समाजात समता येणे हे एकट्या माणसाच्या हाती नसते, प्रयत्न मात्र असतो. जे आपल्या हाती नाही त्याचे पोकळ आश्वासन बाबासाहेबांनी लोकांच्या मुखातून वदवून घेतले नाही. बॅरिस्टर असलेल्या या महामानवाला शब्दांची जबाबदारी पुरेपूर ठाऊक होती.

वचन कसे पाळावे याचा धडाही त्यांच्याच जीवनात आहे. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवला येथे त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि एकवीस वर्षांनी ते पूर्ण केले. मधला काळ विविध धर्मांच्या अभ्यासाचा, चिकित्सेचा आणि लोकांची मने तयार करण्याचा होता. दीक्षेनंतर अवघ्या 53 दिवसांनी, 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढील आचरणाची जबाबदारी आपल्यावर आली.

भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही हा भेद जपलेला दिसतो. मंत्री किंवा लोकप्रतिनिधी ईश्वराच्या नावाने शपथ घेऊ शकतात, अथवा ईश्वराचा उल्लेख न करता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतात. दोहोंचे बंधन सारखेच आहे. माणसाचा शब्द विश्वासार्ह ठरण्यासाठी दैवी साक्षीदार अनिवार्य नाही, हे तत्त्व राज्यव्यवस्थेनेही मान्य केले आहे.

आता आपल्या घरांकडे वळू. बावीस प्रतिज्ञांचा कर्ता 'मी' आहे, 'आम्ही' नाही. आजोबांनी दीक्षाभूमीवर उच्चारलेला 'मी' नातवाला वारसाहक्काने मिळत नाही. घर, शेती, आडनाव वारशाने मिळते, प्रतिज्ञा ज्याची त्याला करावी लागते. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची चौकट असावी आणि त्याच घरात लग्न जुळवताना पोटजात विचारली जावी, हुंड्याची बोलणी व्हावीत, हळदीच्या रात्री मद्य वाहावे, तर चौकटीतील 'मी' कोण, असा प्रश्न मुले विचारतील. त्यांनी तो विचारावा, अशीच आमची इच्छा आहे. मुले पालकांच्या उच्चारापेक्षा आचाराकडे अधिक बारकाईने पाहतात, हे वसतिगृहात राहणाऱ्या शिक्षकाला सांगावे लागत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी बावीस प्रतिज्ञा एका दमात वाचू नयेत. एकेक प्रतिज्ञा वाचावी, थांबावे, घरातील लहानांना तिचा अर्थ विचारावा आणि त्यांचे प्रश्न ऐकून घ्यावेत. जी पाळली जात नसेल, ती गाळू नये. ती पुन्हा म्हणावी आणि त्या दिवसापासून पाळावयास लागावे. 'समादियामि' या शब्दाचा अर्थ तोच आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!