साखळी आणि लोडमास्टर

आमचे मामा जालन्याहून सळयांचा ट्रक नेतात. निघताना साखळ्या दोनदा ओढून बघतात. कचकन ब्रेक लागला तर सळया थेट केबिनमध्ये! लष्करी मालवाहू विमानात हेच काम लोडमास्टरचं. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बगरामहून लष्कराच्या चिलखती गाड्या घेऊन एक खासगी बोइंग ७४७ उडालं. एक गाडी सुटून मागे घसरली, हायड्रॉलिक्स आणि शेपटीची यंत्रणा मोडली. सातही जण गेले. हवेत उपाय करायला वेळच नव्हता. म्हणून लोडमास्टरची आणीबाणी जमिनीवरच सुरू होते. मित्रांनो, मेकॅनिक्स आठवा: फरशीशी ६० अंशात बांधलेली साखळी आडवी ओढ निम्मीच पेलते. मामांना कोसाइन माहीत नाही, पण साखळी ते आडवीच घेतात.