वेळ जुळवणारा पट्टा

मुलांनो, यवतमाळ, पुसद किंवा पांढरकवडा येथे मोटारदुरुस्तीच्या दुकानात कधी कधी मिस्त्री इंजिनाच्या बाजूचे झाकण काढून एक काळा, दातेरी पट्टा बदलताना दिसतो. हाच टायमिंग बेल्ट. त्याचे काम आज समजून घेऊ.

इंजिनात दट्ट्या वरखाली होतो, त्यामुळे क्रँकशाफ्ट फिरतो. दुसरा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. त्याच्यामुळे झडपा योग्य वेळी उघडतात व मिटतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हावा लागतो. म्हणून कॅमशाफ्टच्या चक्राला दुप्पट दाते असतात. दोन्ही चक्रांना पट्टा जोडून ठेवतो.

मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीत या कामासाठी साखळी होती. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये रबरी पट्टा होता. साखळी सैल झाली की खडखडते. पट्टा मात्र बहुधा इशारा न देताच तुटतो.

पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पण क्रँकशाफ्ट फिरतच असतो. काही इंजिनांत दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो आणि झडप वाकते. मग पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, मे महिन्याच्या उन्हात, गाडीत एखादा रुग्ण असताना असे झाले तर? म्हणून माहितीपुस्तिकेत सांगितलेले किलोमीटर पूर्ण होताच, चांगला दिसणारा पट्टाही बदलावा.

चांगला मिस्त्री इंजिन थंड होऊ देतो आणि बॅटरीची तार काढतो. चक्रांवरील खुणा जुळवून मगच तो जुना पट्टा काढतो. नवा पट्टा बसवून योग्य ताण देतो. नंतर पान्याने क्रँकशाफ्ट हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवतो आणि खुणा पुन्हा पाहतो. मध्येच अडले, तर जोर न लावता पट्टा पुन्हा बसवतो. एक दाता चुकला तरी इंजिन नीट चालत नाही.

हे दोन फेरे गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. पण गाडीत बसणाऱ्यांचा भरवसा त्यांच्यावरच असतो.

शब्दार्थ : दट्ट्या – पिस्टन, झडप – व्हॉल्व्ह, दातेरी – दाते असलेला, भरवसा – विश्वास.

स्वाध्याय
१. कॅमशाफ्टच्या चक्राला दुप्पट दाते का असतात?
२. चांगला दिसणारा पट्टाही का बदलावा?
३. पट्टा बसवल्यावर क्रँकशाफ्ट एकच फेरा फिरवून का चालणार नाही? विचार करून सांगा.