अडलेल्या इंजिनाला जोर लावू नये

आपल्या जव्हार-मोखाड्याकडे पाऊस धो धो पडतो. पण डोंगराचे पाणी डोंगरावर राहत नाही. उन्हाळा लागला की ओहोळ आटू लागतात. ज्यांनी मोगरा लावला आहे, त्यांचा सारा जीव मग डिझेल इंजिनात असतो. इंजिन चालले तर डोहातले पाणी वर चढते. इंजिन बंद पडले तर मोगरा सुकतो.

साखरशेतला एकदा असेच झाले. एका भावाच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट झिजला. मूळ कंपनीचा मिळेना, म्हणून त्याने बाजारातला दुसरा आणून बसवला. हँडल मारायला गेला, तर इंजिन जाम! शेजारचा पोरगा हँडलात लोखंडी पाइप घालून लोंबकळू लागला.

"गुरुजी, जोर लावला की सुटेल."

मी म्हणालो, "अरे बाळा, थांब. बैल अडला तर आधी त्याचा पाय बघशील, की लगेच चाबूक उगारशील?"

मग मिस्त्रीदादांना बोलावले. त्यांनी जे केले ते मी वहीत उतरून घेतले. तेच तुम्हांला सांगतो.

कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला लोखंडी दांडा. हे उंचवटे फिरता फिरता दट्ट्या वर ढकलतात आणि व्हॉल्व उघडतात. एका व्हॉल्वने हवा आत येते, दुसऱ्याने धूर बाहेर जातो. क्रँक दोनदा फिरते तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. म्हणून त्याच्या चाकाला दुप्पट दाते असतात. दोन्ही चाकांवर खूण असते. खुणेला खूण जुळली पाहिजे. दाता चुकला तर व्हॉल्व अवेळी उघडतो आणि वर येणाऱ्या पिस्टनवर आपटतो.

मिस्त्रीदादांनी आधी डिझेलचा कॉक बंद केला. हवा सोडण्याची दांडी वर केली. मग मोठे चाक हाताने, अगदी हळू फिरवून पाहिले. ते म्हणाले, "अडते कुठे, ते इंजिनच सांगते."

एकाच ठिकाणी टक्क करून अडले, तर आधी खुणा पाहाव्यात. खुणा जुळत असतील तर पुशरॉड काढून पुन्हा फिरवावे. आता सुटले, तर व्हॉल्व पिस्टनला लागत होता असे समजावे. नव्या शाफ्टचे उंचवटे जास्त असले तरी असे होते. अशा वेळी हँडलाला जोर लावला, तर पुशरॉड वाकतो, व्हॉल्व मोडतो. शंभराचे काम हजारावर जाते.

सगळीकडेच सारखे जड फिरले, तर दोष बुशात किंवा शाफ्टच्या टोकाला असतो. बुशात कचरा असेल, माप घट्ट असेल, किंवा तेलाचे भोक बुजले असेल.

आपले इंजिन सगळीकडेच जड होते. मिस्त्रीदादांनी बाजूच्या झाकणाचे बोल्ट थोडे सैल केले. काय नवल! चाक मऊ फिरू लागले. मापून पाहिले, तर नवा शाफ्ट जुन्यापेक्षा किंचित लांब. झाकण आवळले की तो दोन्हीकडून दाबला जाई. शाफ्टला टोकाशी कागदाच्या जाडीएवढी तरी मोकळीक लागते. झाकणाखाली जास्तीचे कागदी पॅकिंग घातले, मोकळीक इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहिली, तेल दिले. तिसऱ्या प्रहरी पाणी मोगऱ्याला लागले.

डोळ्याला सारखे दिसते ते यंत्राला सारखे असतेच असे नाही. म्हणून जुना भाग फेकू नये. दुकानात सोबत न्यावा. दोन्हींची लांबी, जाडी मापावी, वर कोरलेला नंबर वाचावा. आता तुम्हांला वाचता येते. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, नंबर स्वतः वाचा.

डिझेल हे एका माणसाचे नाव आहे. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली.

उत्तरे लिहा :
१. इंजिन जाम झाले तर पहिले काम कोणते?
२. एकाच ठिकाणी अडले तर आधी काय पाहाल?
३. क्रँकच्या चाकाला २५ दाते असले, तर कॅमशाफ्टच्या चाकाला किती?
४. तुमच्या गावातल्या एका यंत्रावरचा नंबर वहीत उतरून आणा.