किनाऱ्यावरची गर्दी मोजतं कोण?

प्रश्न : दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या संपल्या की ‘मालवण-तारकर्लीत पर्यटकांची विक्रमी गर्दी’ अशी बातमी हमखास येते. किनाऱ्याला ना दार, ना तिकीट. मग हे आकडे येतात कुठून?
– एक वाचक, देवगड

उत्तर : किनाऱ्यावरची माणसं सहसा कोणी मोजत नाही. मोजल्या जातात त्या मुक्कामाच्या नोंदी आणि तिकिटं. बाकी सगळा अंदाज. हॉटेलं आणि इतर निवासांकडची माहिती राज्याचं पर्यटन खातं गोळा करून केंद्राकडे पाठवतं. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला, तर त्याची माहिती २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. देशी पाहुण्याचा हिशेब मात्र मालक रजिस्टर किती नीट भरतो, यावर अवलंबून.

शिवाय सरकारी तक्त्यांत ‘भेटी’ असतात. कोल्हापूरचं चौघांचं कुटुंब एक रात्र तारकर्लीला आणि दुसरी वेंगुर्ल्याला राहिलं, तर चार माणसांच्या आठ भेटी होतात.

मालवणच्या बंदरजेटीवर मोजणी सोपी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीशिवाय जाता येत नाही आणि होडीला तिकीट लागतं. पण जेटीवरूनच किल्ला पाहून, मासे जेवून संध्याकाळी परतणारा माणूस कुठल्याच वहीत येत नाही. आणि गणपतीला येणारे चाकरमानी? नेहमीच्या परिसराबाहेर वर्षभरापेक्षा कमी काळ, तिथल्या नोकरीखेरीज कुठल्याही कारणासाठी गेलेला माणूस आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार पर्यटनातच मोडतो. म्हणजे मुंबईत राहणारे चाकरमानीही आले. ते स्वतःच्या घरी उतरतात, त्यामुळे हॉटेलच्या नोंदीत नसतात. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१४-१५ साली घरोघरी जाऊन प्रवासाची माहिती विचारली, तेव्हा मुक्कामाच्या प्रवासांत सर्वांत मोठा वाटा नातेवाइकांकडे जाण्यासारख्या सामाजिक कारणांचा निघाला.

माझ्या मते, ग्रामपंचायतीला वर्षाच्या लाखांच्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. मे महिन्यात विहिरींनी तळ गाठलेला असताना रविवारी दुपारी गावात किती माणसं आहेत, कचऱ्याच्या गाडीच्या किती फेऱ्या लागतील, बायकांसाठी स्वच्छतागृहं पुरतील का, हे तिला कळायला हवं. त्याला मोठा खर्चही नाही. सुट्टीच्या दिवशी ठरलेल्या वेळी पार्किंगमधल्या गाड्या मोजायच्या आणि नंबर टिपायचे: ०९ कोल्हापूर, १२ पुणे, केए कर्नाटक. दर गाडीमागे सरासरी माणसं किती, हे थोड्या गाड्यांवरून काढता येतं. दोन-तीन हंगाम सलग हे केलं, तर गर्दी कधी, कुठून आणि किती येते याचं खरं चित्र हाती येईल.

सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. निदान इथे तरी ही मोजणी गावपातळीवर व्हायलाच हवी. पुढच्या ग्रामसभेत हा विषय तुम्हीच मांडा, आणि मोजणीला जवळच्या कॉलेजातली मुलं सोबत घ्या.