रोग्याजवळ मागे कोण राहतो?

अभ्यासपाठ. शास्त्रभाग : लूक १०:२५-३७, कलस्सै ४:१४, २ तीमथ्य ४:९-११, २ करिंथ, अध्याय ८.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपणांपैकी बहुतेकांस तोंडपाठ आहे. शब्बाथशाळेतील लहान मुलेही तो न अडखळता सांगतात. परंतु सांगताना आपण प्रायः एका ठिकाणी येऊन थांबतो. शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या मनुष्यास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, झाले! पुढच्या म्हणजे पस्तिसाव्या वचनाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला, हे त्या वचनात आहे. तो वाटसरू होता. त्याला त्याचा उद्योग होता, घरदार होते. निघून जाण्यात त्याचा काही दोष नव्हता. तथापि अर्धमेल्या मनुष्याच्या जखमा एका रात्रीत भरून येत नाहीत. त्याला ताप चढला तर पाणी कोण देईल? पट्टी कोण बदलील? मध्यरात्री तो कण्हू लागला तर उठून कोण पाहील? जो मागे राहिला तो, म्हणजे उतारशाळेचा रखवालदार.

म्हणूनच जाण्यापूर्वी शोमरोन्याने त्याच्या हाती दोन दीनार ठेविले, व अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असा शब्द दिला. दीनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती, हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळते. दोन दिवसांची मजुरी रोख, आणि बाकीचे शब्दावर. तेव्हा ह्या एका मनुष्याच्या हातून दोन वेगळी दाने घडली. तेल व द्राक्षारस हे आजच्या जखमेसाठी होते. दीनार हे जो मागे राहून सेवा करणार त्याच्यासाठी होते.

पहिल्या प्रकारचे दान आपल्या मंडळ्यांत होत नाही असे कोणी म्हणू नये. कोणा भावाचे शस्त्रक्रियेचे बिल आले की उपासनेनंतर झोळी फिरते, व गरिबातला गरीबही तीत काही टाकतो. दुसऱ्या प्रकारचे दान मात्र विरळा. ह्या पाठात आपण त्याचाच विचार करू. म्हणजे खेड्यात येऊन राहणारा, घरच्या सर्व माणसांना पाहणारा डॉक्टर तयार व्हावा म्हणून त्याच्या शिक्षणास मंडळीने हातभार लावणे.

कुटुंबाचा डॉक्टर कोणास म्हणावे? हृदयाचा एक, हाडांचा एक, डोळ्यांचा एक, असे मोठ्या शहरांतील डॉक्टर आपल्या विद्येत थोर असतात. त्यांची गरज आहेच. परंतु खेड्यातील घरात आजीस मधुमेह, सुनेस सातवा महिना, नातवास जुलाब आणि बापास तीन आठवड्यांचा खोकला, अशी दुखणी एकाच छपराखाली नांदतात. कुटुंबाचा डॉक्टर हा ह्या चौघांचाही डॉक्टर होय. बापाचा खोकला क्षयाचा निघाला, तर औषध निदान सहा महिने न चुकता घेतले पाहिजे, आणि घरातील पोरांचीही तपासणी झाली पाहिजे, हे तो जाणतो. दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागले की रोगी औषध सोडतो. तेव्हा दारात उभा राहून त्याला हटकणारा कोणी असावा लागतो. रक्तदाब व मधुमेह तर आयुष्यभराचे सोबती. बहुतेक दुखणी गावातच बरी करावी, आणि जे आपल्या हातचे नाही ते वेळीच ओळखून मोठ्या इस्पितळाकडे पाठवावे, हे ह्या डॉक्टराचे कौशल्य. ते कमी प्रतीचे कौशल्य आहे असे समजणारे स्वतः खेड्यात कधी आजारी पडले नसावेत.

मागे राहण्याने काय साधते, ह्याचे एक उदाहरण कोकणातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांचे आहे. सन १९७६ पासून त्या भागातील सरकारी दवाखान्यात त्यांनी लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व मुले दगावताना पाहिली. ते तेथेच टिकून राहिले, रोग्यांच्या उशाशी बसून टिपणे करीत राहिले, आणि रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध ह्या दंशावर गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष लॅन्सेट ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रात छापून आले. त्या मातीतल्या रोगाचा उपाय त्या मातीत राहणाऱ्यालाच सापडला. सन २०२२ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली.

आता शास्त्राकडे वळू. लूकाचा धंदा काय होता, हे पौल कलस्सै येथील मंडळीस लिहिताना सांगतो. तो त्यास आपला आवडता वैद्य म्हणून ओळखवितो. पण त्याहून मोठी साक्ष तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी आहे. पौल बंदीत आहे. देमास त्याला सोडून गेला आहे; दुसरे इकडे तिकडे पांगले आहेत, काही योग्य कारणाने, काही अयोग्य. त्याच्याजवळ एकटा लूक उरला आहे. वैद्याविषयी ह्याहून अधिक काय सांगावे?

मग आपले डॉक्टर खेड्यात का राहत नाहीत? आपण चटकन म्हणतो, त्यांना पैशाचा लोभ सुटला. काहींना सुटला असेल. परंतु न्यायाने पाहू. खासगी वैद्यकीय कॉलेजात एका वर्षाची फी कित्येक लक्ष रुपये असते. बापाने जमीन गहाण ठेविली, कर्ज काढले. मुलगा साडेपाच वर्षांनी डॉक्टर होऊन बाहेर आला तो डोक्यावर डोंगर घेऊनच. असा तरुण, ज्या गावात रोगी फीच्या ऐवजी शेंगा व कोंबडी आणून देतो, तेथे राहील तर कर्ज कशातून फेडील? कर्जच त्याला शहराकडे हाकलीत नेते. त्याच्या शिक्षणाचा भार इतरांनी थोडा थोडा उचलला असता, तर तो आपल्या मनाने निवड करावयास मोकळा राहिला असता. धर्मार्थ दानाचे ह्या बाबतीतील खरे काम हेच आहे. ते डॉक्टरास विकत घेत नाही, तर त्याला मोकळा करते.

ह्याचा सर्वांत चांगला दाखला आपल्या देशात वेल्लोरचा आहे. डॉ. आयडा स्कडर ह्यांचा जन्म सन १८७० मध्ये दक्षिण भारतातील आर्काट मिशनच्या एका डॉक्टर घराण्यात झाला. त्या तरुणपणी तिंडिवनम येथे वडिलांकडे आल्या असता, एका रात्री एक ब्राह्मण, एक मुसलमान व आणखी एक हिंदु गृहस्थ असे तिघे एकामागून एक दारी आले. तिघांच्याही पत्नी प्रसूतीच्या वेदनांत अडल्या होत्या. आयडाबाईंचे वडील डॉक्टर होते, परंतु पुरुषाने आपल्या स्त्रीस पाहावे हे कोणासही मान्य नव्हते. बाईंस तर वैद्यक येत नव्हते. सकाळपर्यंत त्या तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. भारतात राहावयाचे नाही असा आयडाबाईंचा निश्चय होता. तो त्या रात्री मोडला. अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेऊन त्या सन १९०० मध्ये परत आल्या. एका धनिकाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दिलेल्या दानातून सन १९०२ मध्ये ४० खाटांचे इस्पितळ उभे राहिले.

येथपर्यंत ही तेल व द्राक्षारसाची गोष्ट झाली. तेथेच ती थांबली असती तर एक चांगले इस्पितळ झाले असते, इतकेच. पण बाईंच्या ध्यानात आले की, एकटीने किती खेडी पाहावी? मागे राहणाऱ्या ह्याच देशातील मुली असावयास हव्यात. सन १९१८ मध्ये त्यांनी मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. मुलींना हे शिक्षण झेपणार नाही, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. सन १९४२ मध्ये तेथे विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, आणि सन १९४७ पासून मुलांनाही प्रवेश मिळू लागला. हा सगळा खर्च देशोदेशींच्या मंडळ्यांनी व विशेषतः स्त्रियांच्या मिशन सोसायट्यांनी उचलला. एका मिशनास हे ओझे झेपले नसते. अनेक पंथांनी आपसांतले भेद बाजूस ठेवून ते वाटून घेतले.

वेल्लोरात एक रीत दीर्घकाळ चालत आली. मंडळीने किंवा मिशनने एखाद्या विद्यार्थ्याची शिफारस करावी, आणि शिक्षण संपल्यावर त्याने गरज असेल अशा ठिकाणच्या मिशन इस्पितळात दोन वर्षे सेवा करावी. कित्येकांस ही अट जाचक वाटते. मला ती वाजवी वाटते. परंतु तिच्यावर फार भरवसा ठेवू नये असेही वाटते. करारनाम्याने मनुष्य दोन वर्षे बांधला जातो, मन बांधले जात नाही. दोन वर्षे हे रोख दिलेल्या दोन दीनारांसारखे आहेत. त्यापुढचे सर्व शब्दावर अवलंबून असते, आणि तो शब्द देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असा दोघांचाही असतो.

तो शब्द पाळला गेल्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. डॉ. रजनीकांत आरोळे हे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील. त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल ह्यांनी वेल्लोर येथे शिक्षण घेतले. सन १९६० मध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हाच खेड्यातील गोरगरिबांची सेवा करण्याची उभयतांनी शपथ घेतली. काही वर्षे वडाळा येथील मिशन इस्पितळात काम केल्यावर त्यांच्या ध्यानी आले की, आज बरे करून घरी पाठविलेले मूल चार महिन्यांनी त्याच दुखण्याने पुन्हा येते. रोगाचे मूळ गावात आहे, इस्पितळात नाही. म्हणून सन १९७० मध्ये ते जामखेड ह्या दुष्काळी तालुक्यात जाऊन राहिले. तेथे त्यांनी जे केले ते आपल्या मंडळ्यांनी नीट समजून घ्यावे. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना, ज्यांत अक्षरओळख नसलेल्या व अस्पृश्य मानल्या गेलेल्या पुष्कळ होत्या, आरोग्याचे शिक्षण दिले. जुलाबाने सुकत चाललेल्या मुलास मीठसाखरेचे पाणी पाजणे, बाळंतपणी हात व नाळ कापण्याचे पाते स्वच्छ ठेवणे, बाळाचे वजन करणे, लसी टोचून घेणे, एवढ्याच गोष्टी. सन १९७१ मध्ये त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत मरत असत. सुमारे पंचवीस वर्षांत ही संख्या तिसांच्या खाली आली. सन १९७९ मध्ये उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई सन १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत सन २०११ मध्ये प्रभूकडे गेले. ते शेवटपर्यंत जामखेडचेच राहिले. वेल्लोरास कोण्या काळी ज्या बायांनी चार चार आणे पाठविले, त्यांना जामखेड हे नावही ठाऊक नसेल. दीनार कोठवर जातो हे देणाऱ्यास पुष्कळदा कळत नाही.

कोणी म्हणेल, तो पैसा विलायतेचा होता. आमच्या मंडळीत तीस घरे, त्यांत वीस शेतमजूर. ह्याचे उत्तर दुसऱ्या करिंथकरांच्या आठव्या अध्यायात आहे. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या. तरी दानात आपणांसही वाटा मिळावा म्हणून त्यांनीच पौलाची विनवणी केली. आपल्या देशातलेही उदाहरण आहे. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया सन १९१० च्या सुमारापासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूस काढून ठेवितात. ते तांदूळ गोळा करून विकतात, आणि त्या मुठीमुठीतून तेथील मंडळीचे मोठे कार्य चालत आले आहे. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, जे असेल ते. कापणीच्या सणात एका भोपळ्याचा लिलाव चढत चढत जातो व सर्वांस मौज वाटते. ती मौज असू द्यावी, पण त्या रकमेतला एक भाग वैद्यकाच्या किंवा परिचारिकेच्या शिक्षणासाठी वेगळा लिहून ठेवावा. एक मंडळी एक डॉक्टर शिकवू शकणार नाही. दहा पंधरा मंडळ्या मिळून एका विद्यार्थ्याची पुस्तके व वसतिगृहाचा खर्च उचलू शकतील. हिशेबाविषयीही तोच अध्याय पाहावा : पौलाने दान एकट्याच्या हाती दिले नाही, तीतासोबत आणखी भाऊ पाठविले, म्हणजे कोणास बोट दाखवावयास जागा राहू नये. आपल्या पाळकांनी व पंचांनी हे वचन वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

विद्यार्थी निवडताना केवळ गुण पाहू नयेत, आणि पंचाचा भाचा आहे हे तर मुळीच पाहू नये. घरच्या आजाऱ्याची ज्याने सेवा केली आहे, गावाची बोली ज्याला येते, ज्याला महारवाड्यात पाणी पिण्यास संकोच नाही, असा मुलगा किंवा मुलगी शोधावी. तो शिकत असता त्याला पत्र लिहावे, सुटीत बोलवावे, त्याच्यासाठी नावाने प्रार्थना करावी. आणि तो केवळ आपला डॉक्टर आहे असे समजू नये. शोमरोन्याने जखमी मनुष्यास त्याची जात वा धर्म विचारला नाही. औषधाच्या बदल्यात कोणाकडून बाप्तिस्म्याची अपेक्षा करणे हे त्या दाखल्याच्या उलट आहे.

मंडळीच्या पुढील सभेत ह्या गोष्टींचा विचार व्हावा. मागील वर्षी आपण आजाऱ्यांसाठी जे दिले, त्यातले किती तेल होते व किती दीनार? आपल्या शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ह्या सेवेकडे कोणाचे मन ओढते, हे आपण कधी विचारले आहे काय? आणि उद्या एखादी डॉक्टरीण आपल्या गावात येऊन राहावयास तयार झाली, तर तिच्यासाठी कोणाचे घर मोकळे आहे, तेथे पाण्याची सोय कशी आहे, व तिची मुले कोणत्या शाळेत जातील?