छप्पर नंतर, वाट आधी

मराठवाड्यात पाऊस असतोच कुठं, असं बाहेरगावचे पाहुणे म्हणतात. हिशेबाला बघितलं तर खरंच आहे. संभाजीनगर जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही खंड पाडत पाडत. पण आपल्याकडचा पाऊस यायची एक रीत आहे. सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाची काहिली, चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं आणि बघता बघता रस्त्याचा ओढा होतो. सप्टेंबरात एकदा झड लागली की पोरं घरात एकमेकांच्या झिंज्या उपटतात. मग कुणीतरी म्हणतं, "चला, कुठंतरी छपराखाली तरी जाऊ." घोटाळा होतो तो या 'कुठंतरी'मुळे.

आम्ही छावणीत राहतो. इथून शहरात जायचं तर खाम नदी ओलांडावी लागते. मागं एका रविवारी जेवणं उरकून आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अशाच एका छपराखालच्या ठिकाणी गेलो. आत सगळं झकास होतं, मुलांना खेळ आणि सासूबाईंना बसायला खुर्ची. बंद इमारतीत आभाळ दिसत नाही, त्यामुळे बाहेर काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. निघालो तेव्हा अंधारून आलेलं, जालना रोडवर गाड्या जागच्या जागी ठाकलेल्या, आणि 'छावणी' म्हटलं की रिक्षावाले मान हलवून पुढं जायचे. अखेर एक मिळाला, तोही पुलाच्या अलीकडे थांबला. म्हणाला, "ताई, पुढं पाणी हाय, हितंच उतरा." धाकटा खांद्यावर झोपलेला, सासूबाईंचे गुडघे बोलायला लागलेले. उरलेली वाट आम्ही भिंतीच्या कडेकडेनं, पाय चाचपत काढली.

तेव्हापासून आमच्या घरी आधी वाट ठरते, मग ठिकाण. नकाशा डोळ्यांपुढं आणा. बारापुल्ला, महमूद आणि मकाई हे जुने दरवाजे खामवरच्या पुलांशीच उभे आहेत. गाड्या तिथं एरवीही मुंगीच्या पावलानं सरकतात, पावसात तर नावच नको. म्हणून आम्हा छावणीकरांनी पाणचक्की, बेगमपुरा, पहाडसिंगपुरा हा आपल्या हाताशी असलेला पट्टा आधी बघावा. सिडकोत राहणाऱ्यांनी उलटा हिशेब करावा. त्यांना एमजीएमच्या आवारातलं एपीजे अब्दुल कलाम यांच्या नावाचं खगोल अंतराळ विज्ञान केंद्र जवळ पडतं. आणि गुरुवारी छावणीचा आठवडी बाजार असतो. त्या दिवशी पाऊस नसला तरी परतीचं गणित कोलमडतं.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडचा धो-धो पाऊस बहुतेकदा दुपार कलल्यावर येतो. तेव्हा सकाळी नऊला निघा आणि दीडच्या आत घरी जेवायला या. रविवारी दुपारची झोप काढून चारला निघणं म्हणजे पावसाला आवतण देणं.

तिसरी, सुट्टीचा वार. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. हे पाठ असूनही पाहुणे आले की आपण नेमके त्याच वारी निघतो. संग्रहालयांचंही तसंच. निघण्याआधी फोन करा आणि 'चालू आहे का' एवढ्यावर थांबू नका. 'लाईट आहे का' हेही विचारा. विजांचा कडकडाट झाला की वीज जाते, आणि अंधाऱ्या दालनात काचेच्या पेटीतल्या तलवारीपेक्षा मुलांना स्वतःचं प्रतिबिंबच जास्त दिसतं.

आता ठिकाणं. विद्यापीठाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी महाल आहे. १७व्या शतकात एका बुंदेला सरदारानं बांधलेला. आत कधीकाळी सोन्याच्या रंगात चित्रं होती, त्यावरून हे नाव. आता तिथं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात शस्त्रं आहेत, जुनी पैठणी आहे. मुलांना दालनभर फिरवू नका, कंटाळतात. प्रत्येकाला एकच वस्तू निवडायला सांगा आणि तिच्यापुढं बसवून चित्र काढायला लावा. तास कसा जातो कळत नाही.

पाणचक्कीला अर्धं छप्पर, अर्धं आभाळ. पण रिमझिम असेल तर हीच जागा पहिली. उन्हाळ्यात तिथल्या पाण्याची धार रोडावते, पावसाळ्यात भरात येते. हर्सूलच्या बाजूनं मातीच्या नळांतून आणलेलं हे पाणी उंचावरून पात्यांवर सोडायचं आणि त्या जोरावर जातं फिरायचं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला येणाऱ्या फकिरांचं, वाटसरूंचं पीठ इथं दळलं जायचं. मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या खांबांच्या दालनाचं छत आहे, हे मुलांना सांगितलं की ती आधी घाबरतात, मग पायानं जमीन ठोकून बघतात. आवारात फरशी निसरडी असते, चप्पल काढून चालताना आजी-आजोबांचा हात सोडू नका.

आमच्या मुलांना सगळ्यात आवडला तो मात्र हिमरू कापडाचा माग. ताणा सुती, बाणा रेशमी. पत्र्यावर पावसाचा ताशा आणि खाली धोट्याची खटखट. कारागिरानं शाल उलटी केली तेव्हा मागच्या बाजूला रेशमाचे मोकळे धागे लोंबत होते. थोरलीला वाटलं उसवलंय. तो हसला, "बेटा, हीच तर ऊब." तिनं तळवा तिथं बराच वेळ ठेवला. मागावर जायचं तर ओले हात पुसून जा, ताण्याला हात लावू नका आणि परवडेल ते, रुमाल का होईना, विकत घ्या. कुणाचं पोट चालतं तिथं, फुकटचा तमाशा नाही.

दिवसभराचा बेत असेल तर वेरूळ. छावणीतून पडेगाव-दौलताबाद रस्त्यानं निघालं की शहर लागतच नाही. पावसात एका जागी थांबण्याचा वर्षावास बौद्ध भिक्षूंनी पाळला, आणि त्यांचे विहार आजही छत्री न उघडता बघता येतात. दहा नंबरच्या लेण्यात छताला लाकडी फासळ्यांसारख्या दगडी फासळ्या आहेत, म्हणून लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. बारा नंबरचं तीन मजली. कैलास मात्र उघड्यावर आहे, तो पाऊस थांबल्यावर बघा. एकोणतीस नंबरजवळच्या धबधब्याकडे मुलांना नेऊ नका, शेवाळलेल्या दगडावर मोठ्यांचेही पाय सटकतात.

आणि एक कळकळीनं सांगते. हे दरवाजांचं शहर आहे. सर आली की आपण सवयीनं जवळच्या कमानीखाली, जुन्या भिंतीच्या आडोशाला उभे राहतो. जून २०२५ मध्ये वादळी पावसात सिद्धार्थ उद्यानाच्या प्रवेशद्वाराचा भाग कोसळून दोन महिलांचा जीव गेला. भिजलेलं पोर टॉवेलनं पुसता येतं. तेव्हा वादळात कमान नको, वडाचं झाड नको, होर्डिंग तर नकोच. दुकानात शिरा, नाहीतर गाडीत बसा.

पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या, संग्रहालयात खायला काही मिळेलच असं नाही. प्रत्येक मुलाचा एक कोरडा जोड, एक टॉवेल आणि मोबाईलला प्लॅस्टिकची पिशवी. दिवसाला एकच ठिकाण, दुसरं पुढच्या रविवारी.

शेवटचं म्हणजे, परत फिरायचं कुणी ठरवायचं हे घरून निघतानाच ठरवा. मुलांवर सोपवलं तर 'अजून पाच मिनिटं' संपत नाहीत, आणि आम्हा नवरा-बायकोत वाद होतो. आमच्याकडे हा अधिकार सासूबाईंना आहे. दर तासाला त्या दारापर्यंत जाऊन आभाळ बघून येतात. त्या "चला" म्हणाल्या की हातातलं टाकून निघायचं, अपील नाही.